गोळी सुटली, पण पहाटेची धास्ती सुटत नाही

उंबरठा

नमस्कार. या विषयावर चारचौघांत लिहिण्याची वेळ माझ्यावर येईल असे मला कधी वाटले नव्हते, परंतु घरात बोलून झाले आहे आणि बाहेर बोलण्याचे धैर्य होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे वय ४७ असून मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. २०२१ च्या पावसाळ्यात कमरेच्या मणक्यातील चकती सरकल्यामुळे माझी शस्त्रक्रिया झाली आणि नंतर ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दहा दिवस, दिवसातून दोन वेळा घेण्यास सांगण्यात आले. दहा दिवस संपले तरी कळ थांबली नाही, म्हणून मी तीच चिठ्ठी घेऊन ओळखीच्या मेडिकलमध्ये जात राहिलो. हे औषध एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेले आहे आणि डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असायला हवे होते, त्यांनी मला एकदाही विचारले नाही.

शेवटी शेवटी मी दिवसाला आठ कॅप्सूल घेत होतो. कळेसाठी घेतो असे मी पत्नीला सांगत असे. खरे म्हणजे वर्गावर जाण्याआधी, पाहुणे येण्याआधी, इतकेच काय पण रविवारी दुपारी काहीही दुखत नसतानाही मी घेत होतो, कारण घेतल्यावर मनातली कुरकुर तासाभरात शांत होत असे. अकरा आठवड्यांपूर्वी माझ्या बॅगेत मुलीला सहा रिकामी पाकिटे सापडली. ती काहीच बोलली नाही, फक्त ती पाकिटे तिने जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवली. त्या रात्री मी सगळे एकदम बंद केले.

पहिले आठ दिवस कसे गेले ते सविस्तर लिहीत नाही. जांभया, नाक गळणे, पोटात मुरडा, पाय एका जागी न ठरणे आणि डोक्यात मधूनच वीज चमकल्यासारखा झटका, हे सर्व झाले आणि ओसरले. त्यानंतर जे उरले आहे ते मात्र ओसरत नाही. पहाटे साडेतीनला जाग येते, छाती धडधडत असते, तळव्यांना घाम सुटलेला असतो आणि काहीतरी फार वाईट घडणार आहे अशी खात्री वाटते. काय घडणार, ते सांगता येत नाही. दिवस उजाडला की धास्ती जाते आणि तिच्या जागी एक सपाट उदासी येते. मुलीला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळाले, मी टाळ्या वाजवल्या, पण आत काहीही हलले नाही. थोरले बंधू म्हणतात, ‘गोळी सुटली ना, मग आता रडायचे कारण काय?’ त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

मी सध्या बिनपगारी रजेवर आहे. हे असेच राहणार आहे का, की माझा मूळ स्वभावच असा होता आणि गोळीने तो झाकला होता, हे कोणी जाणकार सांगू शकेल का?


कोयनाकाठ

इतर गोष्टींवर जाणकार लिहितीलच, परंतु त्याआधी एक गोष्ट स्पष्ट विचारते, कृपया राग मानू नका. जगणे नको, आपण नसलो तर बरे, असे विचार येतात का? येत असतील तर या धाग्यावरच्या उत्तरांची वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, तो दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. पहाटे साडेतीनलाही तो उचलला जातो.


अर्धविराम

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षे शासकीय रुग्णालयात काम केले आहे. न तपासता औषध सुचवता येत नाही, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो आणि त्याचे उत्तर न मिळाल्यामुळे अनेक जण गोळीकडे परत जातात.

अफूपासून निघालेली किंवा अफूसारखे काम करणारी औषधे मेंदूतील ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील खास जागांवर, बसतात, ते ग्राही आपल्या शरीरात तयार होणाऱ्या एंडॉर्फिनसारख्या द्रव्यांसाठी असतात. बाहेरून रोज भरपूर पुरवठा होऊ लागला की मेंदू त्या ग्राहींचा प्रतिसाद मंद करतो. दुसरीकडे, ही औषधे मेंदूतील सावधपणाची यंत्रणा, म्हणजे नॉरॲड्रेनलिन सोडणारी केंद्रे, दाबून ठेवतात आणि ती केंद्रे त्या दाबाविरुद्ध अधिकाधिक जोर लावायला शिकतात. गोळी बंद झाली की दाब एकदम उठतो, जोर मात्र तसाच राहतो. धडधड, घाम, विनाकारण धास्ती हे त्या जोराचे रूप आहे. सुरुवातीच्या आठवड्यात तो सर्वांत तीव्र असतो, परंतु त्याची शेपटी काही आठवडे आणि अनेकांच्या बाबतीत काही महिने टिकते. आनंद न वाटणे हेही याच खात्यातले आहे. मुलीवरचे तुमचे प्रेम कमी झालेले नाही. सुख नोंदवणारी यंत्रणा सध्या मंद चालत आहे.

ट्रामाडॉलच्या बाबतीत आणखी एक बाब आहे, जी दुर्दैवाने चिठ्ठी लिहिणारे अनेक डॉक्टरही रुग्णाला सांगत नाहीत. हे औषध दोन कामे करते. एक अफूसारखे, आणि दुसरे असे की ते सिरोटोनिन व नॉरॲड्रेनलिन या मेंदूतील संदेशवाहक द्रव्यांचे पुनर्शोषण रोखते, म्हणजे नैराश्यावरील काही औषधे जे काम करतात तेच. त्यामुळे तुम्ही एका रात्रीत दोन औषधे बंद केली आहेत, असे समजा. डोक्यात वीज चमकल्याचा झटका हा या दुसऱ्या कामाच्या थांबण्याचा परिणाम आहे. म्हणूनच ट्रामाडॉल एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवावे. हा धागा वाचणाऱ्या आणि अजून गोळी घेत असलेल्या व्यक्तींसाठी हे मुद्दाम लिहीत आहे.

आता तुमचा प्रश्न. मूळ स्वभाव की गोळीचा परिणाम, हे अकराव्या आठवड्यात छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि सांगण्याची घाईही करू नये. असे अनेक रुग्ण मी पाहिले आहेत, ज्यांना शस्त्रक्रियेच्या आधीपासून सौम्य नैराश्य होते, कधी निदान झाले नव्हते, आणि हाती लागलेल्या वेदनाशामकाने ते नकळत शमत होते. रविवारी दुपारी काहीही दुखत नसताना तुम्ही कॅप्सूल घेत होता, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. तीच तुमच्या तपासणीतली सर्वांत महत्त्वाची नोंद ठरेल. दोन्ही शक्यतांत उपचार आहेत. शिवाय थायरॉइड, जीवनसत्त्व ब १२ आणि ड, तसेच टेस्टोस्टेरॉन यांची रक्ततपासणी करून घ्या, कारण दीर्घकाळ ओपिऑइड, म्हणजे अफूसारखी औषधे, घेणाऱ्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन खाली गेलेले आढळते आणि त्यातूनही थकवा व उदासी येते.

तुम्ही सध्या इतर काही घेत आहात का? झोपेसाठी काही?


रानजाई

मी डॉक्टर नाही. माझे यजमान चार वर्षांपूर्वी याच वाटेने गेले, म्हणून लिहिते. त्यांची सुरुवात अपघातानंतर मोडलेल्या पायापासून झाली होती.

उंबरठा दादा, तुमच्या बंधूंसारखी मीही बोलले होते. माझ्या हिशेबात गोळी बंद झाल्याचा दिवस हा आजाराचा शेवटचा दिवस होता, त्यामुळे त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले की मला वाटे, हे आता मुद्दाम करत आहेत. मी दागिने मोडून कर्ज फेडत होते आणि हा माणूस आंघोळही करत नव्हता. मी फार कडवट बोलले. एके दिवशी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘बाळंतिणीला आपण सव्वा महिना उठू देत नाही, आणि याला आठ दिवसांत उभा कर म्हणतेस?’ त्यांना मेंदूतल्या ग्राहींचे काही ठाऊक नव्हते, पण अंग सुटून मोकळे व्हायला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होते.

पुढे मी पुण्यात मुक्तांगणच्या सहचरी गटात जाऊ लागले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या व्यसनमुक्ती केंद्राबद्दल मी ऐकले होते, पण तिथे पत्नींसाठी वेगळी बैठक असते हे माहीत नव्हते. त्या बैठकीत पहिल्यांदा मला कोणी विचारले की, तुम्हाला झोप लागते का? मला लागत नव्हती. तीन वर्षे त्यांचे खिसे तपासून तपासून मला स्वतःलाच धास्तीचा आजार जडला होता. तेव्हा दादा, तुमच्या उपचारात वहिनींनाही सोबत न्या, त्यांना तुमच्यावर लक्ष ठेवायचे शिकवण्यासाठी नव्हे, तर त्यांच्यासाठीच. मुलीलाही. जिने पाकिटे ओळीने मांडली आणि एक शब्द काढला नाही, त्या मुलीच्या मनात बरेच काही साचले असणार.


उंबरठा

सर्वांचे आभार. कोयनाकाठ ताई, राग आला नाही, उलट कोणीतरी सरळ विचारले याचे बरे वाटले. असे विचार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येत होते. आता क्वचित येतात आणि टिकत नाहीत. तो क्रमांक फोनमध्ये साठवला आहे व पत्नीलाही दिला आहे.

डॉक्टरसाहेब, झोपेसाठी मी शेजाऱ्यांनी दिलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी महिन्याभरापासून घेत आहे. हल्ली ती अर्धी पुरत नाही. दीड महिन्यापूर्वी एका फिजिशियनकडे गेलो होतो, परंतु ट्रामाडॉलबद्दल त्यांना सांगितले नाही. नोंद झाली तर पोलिसांपर्यंत किंवा शाळेपर्यंत जाईल अशी भीती वाटली.


अर्धविराम

हे लिहिलेत ते फार चांगले केलेत.

अर्धी पुरत नाही हे वाक्य तुम्ही तीन वर्षांपूर्वी कॅप्सूलबद्दलही म्हटले असणार. अल्प्राझोलाम लवकर सवय लावते, आणि उतरताना तीच धास्ती अधिक जोराने परत आणते, त्यामुळे पहाटेची जाग आता काही अंशी त्या अर्ध्या गोळीचाही परिणाम असू शकतो. दारू, झोपेची गोळी आणि अफूसारखे काम करणारे औषध यांपैकी कोणतीही दोन एकत्र आली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. पण कृपया आज रात्री तीही एकदम फेकून देऊ नका. महिनाभराची सवय असली तरी ती टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागते, आणि हे तुमच्यासमोर बसलेल्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे. या आठवड्यात जा.

भीतीबद्दल. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू व अमली द्रव्यांच्या वापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे, आणि त्याच कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या शाळेला काही कळवण्याचे डॉक्टरांना कारण नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातही ६४-अ हे कलम स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला संरक्षण देण्यासाठीच आहे. तुम्ही तर डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून सुरू झालेल्या आजाराचे रुग्ण आहात. हे सांगितले नाही तर तुमचे नुकसान होईल. उद्या नैराश्यावरचे औषध सुरू झाले आणि एखाद्या दिवशी कळ उठली म्हणून तुम्ही जुनी ट्रामाडॉल घेतली, तर दोहोंमुळे मिळून सिरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते, फिट येऊ शकते. म्हणून खरी हकीकत कळल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरांना तुमच्यासाठी योग्य औषध निवडता येणार नाही.


पायवाट

गोळीविना माझी पाच वर्षे पूर्ण झाली. त्याआधी सातव्या महिन्यात मी घसरलो होतो, त्याबद्दल लिहितो.

आमच्या काळात स्पास्मो प्रॉक्सिव्हॉन ही वेदनाशामक कॅप्सूल मिळे. त्यातले डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन हे अफूसारखे द्रव्य २०१३ मध्ये बंद झाले, मग आम्ही ट्रामाडॉलवर आलो. टर्कीची, म्हणजे गोळी बंद केल्यावर सुरुवातीला होणाऱ्या त्रासाची, सर्वांना भीती वाटते, पण टर्कीत माणूस फार क्वचित घसरतो, कारण तेव्हा चार माणसे भोवती असतात, कोणी पाठ चोळते, कोणी लिंबूपाणी देते. तिसऱ्या महिन्यानंतर सगळे आपापल्या कामाला लागतात आणि तुम्ही मात्र त्या सपाट दुपारी एकटे असता. मी घसरलो ती एक साधी दुपार होती. भांडण नव्हते, दुःख नव्हते, कळही नव्हती. काहीच वाटत नव्हते, आणि काहीतरी वाटावे एवढीच इच्छा होती.

मी वाचलो, कारण दोनच गोळ्या मिळाल्या. माझ्याबरोबरचा एक जण चार महिने स्वच्छ राहून परत गेला आणि त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली. शरीराची ती सहन करण्याची ताकद चार महिन्यांत गेलेली असते. तो सकाळी उठला नाही. उंबरठा, घरात कपाटामागे, गाडीच्या डिकीत, शाळेच्या लॉकरमध्ये कुठे एखादे पाकीट जपून ठेवले असेल, तर आज पत्नीच्या हातात द्या. ते कुठे आहे हे तुम्हाला आठवत असणारच, आम्हा सर्वांना आठवत असते.

बाकी ‘फक्त आजचा दिवस’ हे व्यसनमुक्ती गटांतले सूत्र मला सुरुवातीला पोरकट वाटले होते. नंतर लक्षात आले की मला पूर्ण दिवसही झेपत नाही, तेव्हा मी पहाटे चार ते सहा एवढाच तुकडा घेतला. अंथरुणात पडून धास्तीशी वाद घालायचा नाही, हा एकच नियम. उठायचे, तोंड धुवायचे, चपला घालायच्या आणि गावाच्या वेशीपर्यंत जाऊन यायचे. इच्छा होईल मग जाऊ असे म्हटले असते तर मी आजही अंथरुणातच असतो. इच्छा साधारण पाचव्या महिन्यात आली, तोवर पाय चालत होते.


शतपावली

माझ्या मामेभावाला एका वैद्यांच्या चूर्णाने पंधरा दिवसांत गुण आला, झोपही उत्तम लागू लागली. जाहिरातीत पत्ता आहे, हवा असल्यास देतो.


अर्धविराम

शतपावली, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपया पत्ता देऊ नका. अशा चूर्णांत काय मिसळले आहे हे पाकिटावर लिहिलेले नसते. कामिनी विद्रावण रसासारख्या जुन्या आयुर्वेदिक कल्पात तर अफूच हा घटक असतो. अफूसारखी गोळी सोडलेल्या माणसाला पंधरा दिवसांत अचानक उत्तम झोप लागू लागली, तर मला आनंदाआधी शंका येते. मामेभावाला ते चूर्ण घेऊन कोणत्याही डॉक्टरांकडे एकदा दाखवून येण्यास सांगा.


मेपल

मी अमेरिकेत ओहायोत राहते. इथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाठदुखीवर ऑक्सिकोडोन हे अफूजन्य वेदनाशामक सढळ हाताने दिले गेले. २०१६ मध्ये माझ्या पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर मलाही त्याची सवय लागली. मी दोनदा केवळ निर्धाराने सोडले आणि दोन्ही वेळा नैराश्याने मला परत नेले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओढ शमवण्यासाठी देतात ते अफूसारखेच काम करणारे औषध, सुरू केले आणि ते मी दोन वर्षे घेतले. पुण्याहून आई फोनवर म्हणायची, ‘एक सोडून दुसरे धरलेस.’ मला त्याची लाज वाटे. आज वाटते की ती दोन वर्षे नसती तर मी आज हे लिहायला नसते. सर्वांनाच ते लागते असे नाही, पण एखाद्याला लागले तर त्याला हिणवू नये, एवढेच सांगायचे आहे.


उंबरठा

पाच आठवड्यांनी परत लिहीत आहे. उशीर झाला याबद्दल क्षमस्व.

पायवाट, तुमचा प्रतिसाद वाचला त्या रात्री मी उठून पत्नीला घेऊन मोटारसायकलजवळ गेलो आणि सीटखालच्या खोबणीतून चार कॅप्सूल काढून तिच्या हातात दिल्या. तिने त्या माझ्यासमोर फोडून संडासात टाकल्या. नंतर आम्ही दोघेही अंगणात बराच वेळ बसून होतो. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला कॅप्सूलचा खरा आकडा सांगितला. तिला तो आधीच माहीत होता.

जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकार बाह्यरुग्ण विभागात गेलो. रांग मोठी होती, ओळखीचा एक पालक भेटला, आणि माझ्या मनात जी भीती होती तसे काही झाले नाही. तोही त्याच्या भावाला घेऊन आला होता. डॉक्टरांना सर्व सांगितले, अल्प्राझोलामसह. ती आता उतरवत आणली आहे आणि पुढच्या आठवड्यात बंद होईल. नैराश्यासाठी ड्युलोक्झेटीन सुरू केले आहे, कारण ते जुन्या पाठदुखीतही उपयोगी पडते. पहिले दोन आठवडे मळमळीखेरीज काहीही जाणवले नाही आणि औषध सोडून द्यावे असे वाटू लागले होते, परंतु गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात हे त्यांनी आधीच बजावले होते. जीवनसत्त्व ड फार कमी निघाले, बाकी तपासण्या ठीक आल्या. पाठीचे दुखणेही पूर्वीपेक्षा कमी आहे, याचे मला आश्चर्य वाटले. दीर्घकाळ घेतल्यावर ट्रामाडॉलसारखी औषधे वेदनेची संवेदनशीलताच वाढवू शकतात, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले.

आईच्या मृत्यूनंतर, म्हणजे २०१४ मध्ये, मी वर्षभर असाच होतो, हे मला तिथे बोलता बोलता आठवले. तेव्हा त्याला कोणी आजार म्हटले नव्हते. तेव्हा माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘दोन्ही’ असे आहे.

पहाटेची जाग अजून येते, पण आठवड्यातून तीन-चार वेळा, आणि साडेचारच्या सुमारास. तेव्हा मी चपला घालतो आणि ओढ्यापर्यंत जातो. पहिले दहा-बारा दिवस ते चालणे म्हणजे शिक्षाच होती. मागच्या मंगळवारी परतताना कोणाच्या तरी गोठ्याजवळ ओल्या वैरणीचा वास आला आणि मी थांबलो. वास चांगला आहे असे मला वाटले. एवढेच झाले, पण घरी येऊन मी ते मुलीला सांगितले आणि ती खूप वेळ माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या शाळेतील समुपदेशिकेकडे ती आता जाते.

थोरल्या बंधूंना मी हा धागा वाचायला दिला. त्यांनी रानजाई ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि काही न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे पाचला ओढ्याजवळ येऊन उभे राहतात. आम्ही फारसे बोलत नाही.

सोमवारपासून मी शाळेत रुजू होत आहे, आधी फक्त सकाळच्या तीन तासिका. मधल्या सुट्टीत पाठ धरली तर ग्रंथालयात दहा मिनिटे आडवे होण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून मागून घेतली आहे. पाठीचे कारण त्यांना सांगितले आहे. बाकीचे सांगायचे की नाही, हे अजून ठरवलेले नाही.